पाठमोरा घनश्याम

कळंब, १ फेब्रुवारी १९६२

चि. घनश्याम,

आशीर्वाद. सव्वा वर्षात तुला एक ओळही लिहिली नाही, तेव्हा ते बरेच साठले आहेत. हवे तेवढे घे.

भांडण मिटले म्हणून हे पत्र लिहितो आहे, असे समजू नकोस. भांडण जागच्या जागी आहे. तू गावात येतो आहेस म्हणून लिहितो. तू म्हणजे तू नव्हे, तुझा बोलपट.

कोल्हापूरचा पत्ता फुलचंदने दिला. हा ढाणकीकडच्या तांड्यावरचा, फिरत्या टॉकीजचा मालक. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडत. हा तंबू, मशीन आणि पिक्चरच्या पेट्या लादून हिंडतो. "आमच्यात वाह्याचंच काम, गुरुजी. आज्यानं मीठ वाह्यलं, मी हसू वाहून राह्यलो," म्हणाला. चिंतामणीच्या जत्रेत यंदा त्याचा तंबू आहे. पाटीवर ढब्बू अक्षरांत 'पोट धरून हसा', आणि त्याखाली, तुझ्या कंपनीला न विचारता, 'कळंबचे सुपुत्र घनश्याम यांसह'. नायकाचे नाव त्याहून बारीक आहे. तो बिचारा कळंबचा नाही.

गावाला सध्या हसण्याची फार गरज आहे. मकरेत आठ ग्रह जमायचे आहेत आणि येत्या तीन दिवसांत जग बुडणार, असे ठरले आहे. मला संस्कृत येते म्हणून रोज कोणी ना कोणी विचारायला येतो, जणू ग्रह माझ्या वर्गात बसतात. मी सांगतो, बुडणार नाही. लोक नाराज होऊन जातात. खात्री एकट्या फुलचंदला आहे; त्याने तंबूच्या खुंट्या ठोकून ठेवल्या.

माय येणार म्हणते. तिने आजवर एकही पिक्चर पाहिलेला नाही. तुझी वहिनी तिचे नवे लुगडे काढून बसली आहे.

बाबा गेले तेव्हा आलेली तुझी तार मी शब्दकोशात ठेवली आहे. 'शूटिंग चालू, येणे अशक्य.' चारही शब्द कळतात, अर्थ अजून लागत नाही. घर सोडलेस त्या सकाळी बाबा जे बोलले, 'सोंगं करत हिंड, पाय मोडल्याबिगर तुले घर आठवणार नाही', ते तू मनात धरून बसला असशील, तर बाबांनी मलाही 'वकील होशील' म्हटले होते, हे ध्यानात घे.

तुझा दादा,
भगवान


कळंब, १० फेब्रुवारी

चि. घनश्याम,

जग बुडले नाही. गावात थोडी निराशा आहे.

काल तुला पाहिले. सबंध गाव होते. आधी तुझ्या बोलपटाविषयी स्पष्ट बोलतो. मास्तर आहे, गुण द्यावेच लागतात. पाटीवर हसू सगळे, आत निम्मे. नायिकेचा बाप मरतो, मग तिचा भाऊ परागंदा होतो, मग ती विहिरीवर बसून गाणे म्हणते. पोट धरून हसायला आलेली माणसे नुसतीच पोट धरून बसली. शेजारचा नानाजी दोनदा मला म्हणाला, "गुरुजी, हसू कवा सुरू होते?" जणू मशीन मी फिरवत होतो.

मग तू आलास. शास्त्रकारांनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, ओठांच्या कोपऱ्यातल्या हसण्यापासून ते डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या खिंकाळण्यापर्यंत. फुलचंदच्या तंबूत पहिल्या पाचांना कोणी हातच लावला नाही. तू मंडपावर चढून आंब्याचे तोरण बांधतोस, खांब डुगडुगतो, तू वरून थेट वाजंत्र्यांच्या ढोलात पडतोस, आणि ढोलातून फक्त तुझी मुंडी आणि पागोटे. मीही हसलो. चष्मा काढून पुसावा लागला.

इथे एक चाल आहे, ती तिकडे आहे की नाही माहीत नाही. लोकांना एखादा भाग आवडला की 'वन्स मोर' ओरडतात, आणि फुलचंद मशीन थांबवून पेटीतली फीत मागे गुंडाळून तेवढा भाग पुन्हा दाखवतो. तुला तीनदा पाडले.

पुढचे मला तुझ्या वहिनीकडून कळले, कारण बायका कनातीच्या पलीकडे होत्या. पहिल्या वेळी माय बायकांबरोबर हसली. दुसऱ्या वेळी तिने वहिनीचा हात धरला. तिसऱ्या वेळी मोठ्याने म्हणाली, "त्याले पुन्हा पुन्हा काहून पाडून राह्यले हे?"

बायका हसल्या. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, चित्र आहे ते. खरं नाही."

"चित्र हाय हे समजते मले. मी काय येडी हाव? पन चित्र काढाले एकदा तरी पडला न तो?"

वहिनीने हा प्रश्न माझ्याकडे पोचता केला. धूर दिसला की अग्नी असलाच पाहिजे, हे मी पंधरा वर्षे पोरांना शिकवतो. पडणे दिसले की पडणारा असलाच पाहिजे. मायच्या अनुमानात मला खोट सापडली नाही. मी जेवलो आणि उठलो.

लागले नव्हते ना? एका ओळीत कळव. मायला सांगायचे आहे, मला नव्हे.

भगवान


कळंब, १४ फेब्रुवारी

चि. घनश्याम,

उत्तर नाही. टपालाला दिवस लागतात, हे मला माहीत आहे. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी वर्गातून खिडकीकडे पाहतो आणि पोरे माझ्याकडे.

माय रोज जाते आहे. फुलचंद तिला तिकीट विचारत नाही. मशीनजवळ तिच्यासाठी एक पोते अंथरून ठेवतो. दिवसा ती ओल्या तुरीच्या शेंगा सोलायला बसते आणि दाणे बाहेर, टरफले टोपलीत टाकते. गावात बोलणे सुरू झाले आहे की म्हातारीला पिक्चरचे वेड लागले. तसे असते तर मी सुखी झालो असतो.

परवा संध्याकाळी मला म्हणाली, "भगवान, एक सांग. पडल्यावर घन्या उभा काहून नाही राह्यत?"

मी म्हटले, "राहतो की."

"कवा?"

मला आठवेना. म्हणून काल मुद्दाम गेलो आणि तिच्या शेजारी पोत्यावर बसलो. गोष्टीकडे पाहिले नाही, नायिकेच्या गाण्याकडेही नाही. नुसते तुला पाहिले. ढोलातच बसवून तुला वरातीत मिरवतात. मग तू गवताच्या गाडीवर आडवा. मग दुकानाच्या गल्ल्यामागे, कमरेपर्यंत. मग बाजेवर, अंगाला लेप लावलेला. आजूबाजूला लोक हसून आडवे होत होते. माय प्रत्येक वेळी माझ्या गुडघ्यावर बोट टेकवायची, बस.

शेवटी फुलचंदला गाठले. तो म्हणाला, "गुरुजी, तसं मनावर घेऊ नका. पिच्चर असा वळीनं काढत नाहीत. शेवट आधी काढतात, आधीचं मागून. कंपनीवाल्यायचा भरोसा नाही." मला बरे वाटले. घरी येऊन मायला सांगितले, की बसलेले भाग आधीच काढलेले असतील. विनोदी पात्राला बसूनच जास्त काम असते. आपल्या जुन्या नाटकांतला विदूषक तरी कुठे धावतो? तो फक्त भुकेला असतो.

माय म्हणाली, "हो न. भुकेलाबी दिसला मले."

गावातून निवडणुकीच्या जीपगाड्या कर्णे लावून फिरत आहेत. कोण निवडून यावे, याविषयी मला काहीही म्हणायचे नाही. कार्डावर फक्त 'ठीक' एवढे लिहून धाड. व्याकरण तपासणार नाही.

दादा


कळंब, १८ फेब्रुवारी

घनश्याम,

हे पत्र नीट वाच.

तुझ्या बोलपटाचा शेवट मला मागून आठवला. नायक-नायिकेचे लग्न लागते आणि तू छत्री उघडून रस्त्याने चालत दूर जातोस, बदकासारखा हेलकावत. सगळा तंबू हसत बाहेर पडतो. काल मी मायला मुद्दाम थांबवून घेतले. ती एरवी बाजेचा भाग झाला की उठते. म्हटले, "हे पाहा, माय, चालतो आहे की नाही? दोन्ही पायांवर. आता झोप."

माय पोत्यावरून पुढे सरकली. छत्री लहान होत गेली.

"हा कोन हाय?"

"घनश्याम."

"नाही."

"माय, कपडे त्याचेच आहेत. पागोटे त्याचेच."

"कपडे असतीन. पाठ घन्याची नाही."

मी हसलो. पण तिने हसू दिले नाही. म्हणाली, "घन्याची चाल तुह्या बापाची. उजवा खांदा पडलेला, डावा हात हलतच नाही. नवऱ्याच्या मागं चालनारी बाई काय पाह्यते, भगवान? पाठच पाह्यते. चाळीस वर्स मी ते पाठ पाह्यली. मले कोनी शिकवू नये."

बाबा पुढे आणि ती चार पावले मागे, शेताला, बाजाराला, चिंतामणीला. आपण दोघे मुले त्या दोघांमध्ये असायचो. हे मला कधी सुचलेच नव्हते. मी फुलचंदला तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. तंबू रिकामा, खुर्च्या आवरणे चालू. मी आयुष्यात पहिल्यांदा 'वन्स मोर' म्हटले. दोन्ही खांदे सारखे. डावा हात झुलतो आहे. तोंड एकदाही इकडे वळत नाही.

मग मी फुलचंदला विचारले, हे काढले कधी असेल? तो म्हणाला, "दिवाळीच्या मागून बाहेर आला हा पिच्चर, त त्याच्या आधीच्या हिवाळ्यात."

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात बाबा गेले.

तार शब्दकोशातून काढली आणि मायसमोर ठेवली. तिला वाचता येत नाही, तरी तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाली, "तवा तो येऊच शकत नवता. आनि तू त्याच्यावर रुसला होता."

मला एक सांग. ही तार कुठल्या खाटेवरून पाठवलीस? दुसरे काही विचारत नाही. बरा आहेस की नाही, तेवढे कोणाकडून तरी लिहवून घे. मी विनोद करायचा प्रयत्न केला, या पत्रात तो जमत नाही.

दादा


कळंब, ६ मार्च

चि. घनश्याम,

तुझे कार्ड मिळाले. उत्तम लिहिले आहेस. प्रकृती ठणठणीत, कामाची गर्दी, नव्या बोलपटात याहून मोठी भूमिका, मायला नमस्कार, आणि शेवटी 'पाय मोडल्याच्या गोष्टी तुम्हाला कोण सांगते?'

कोणीही सांगितलेल्या नाहीत. माझी चारही पत्रे आठव. मी पडण्याविषयी विचारले, उभे राहण्याविषयी विचारले, खाटेविषयी विचारले. पाय मोडल्याचा उल्लेख फक्त बाबांच्या वाक्यात आहे, आणि तू नेमका तोच उचललास.

शिवाय कार्डावर पत्ता कोल्हापूरचा आणि शिक्का मिरजेचा. मिरजेला बाहेरगावचा माणूस दोनच कामांसाठी जातो, एक तंबोरा करून घ्यायला आणि दुसरे हाड नीट करून घ्यायला. तू तंबोरा करून घ्यायला गेला आहेस, असे मी वहिनीला सांगितले. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की पुढचा श्लोक विसरलो.

मायला कार्ड जसेच्या तसे वाचून दाखवले. 'ठणठणीत' शब्दाला तिने मान हलवली. म्हणाली, "बापापाशीबी असंच खोटं बोले. भरभर."

आता तुला इथली खबर देतो. तुझा बोलपट कळंबला बसला. म्हणजे पडला, पण तो शब्द सध्या आमच्या घरात कोणी वापरत नाही. मायने कोणाला सांगायचे ठेवले नाही. पाणवठ्यावर, देवळात, दळणाच्या गिरणीत, सगळीकडे तिने सांगितले की माझा घन्या त्यात खराच पडला आणि शेवटी चालतो तो दुसराच कोणी. सुरुवातीला लोक खात्री करायला गेले. मग असे झाले, की मंडपाचा खांब हलला की बायका पदर तोंडाला लावायच्या. पुरुष खाली पाहायचे. शेवटच्या छत्रीला एका म्हाताऱ्याने उठून विचारले म्हणतात, "हा कोनाचा पोरगा हाय बापा, याले तरी बरं हाय न?"

फुलचंद माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "गुरुजी, तुमच्या मायनं माह्या हसन्याचं मीठ करून टाकलं. दारव्ह्याले, दिग्रसले लोक लोळले या पिच्चरले. अन् कळंबले सुतक." मी म्हटले, तंबू हलव. तो म्हणाला, "हलवतो न. पन जाऊन तरी काय? आता मलेच हसू येत नाही. ते फीत मागं गुंडाळतानी माहा हात अडकते." जाताना मायच्या पाया पडला. तिने त्याच्या कानात काहीतरी सांगितले. काय ते दोघेही सांगत नाहीत.

मला तुझा राग होता तेव्हा बरे होते, झोप लागायची. आता खरे लिही.

दादा


कळंब, २५ मार्च

प्रिय घनश्याम,

तुझे लांब पत्र मिळाले. मी ते शाळेत उघडले, ही चूक झाली. हेडमास्तरांनी मला घरी पाठवले.

पाय मोडला. मोडला त्या संध्याकाळीच घाईने बांधला आणि वाकडा जुळला. कंपनीने उरलेले काम बसवून करून घेतले. पाय पुन्हा तोडून जुळवावा लागला, तो आता दोन बोटे आखूड आहे, कुबडी सुटली आहे, काठी सुटणार नाही. तेवढे समजले. बाबा गेल्याची तार आली तेव्हा पाय वर टांगलेला होता, हेही समजले. ते वाक्य मी तीनदा वाचले, आणि यापुढे वाचणार नाही.

आता तू न येण्याची जी दोन कारणे दिलीस, त्यांचा समाचार घेतो.

पहिले, लोक हसतील. कळंबचा पडणारा माणूस काठी टेकत मोटारीतून उतरला की पोरे 'वन्स मोर' ओरडतील. घनश्याम, अख्ख्या महाराष्ट्रात तुझ्या पडण्याला कोणी हसत नाही असे एकच गाव आहे, आणि ते तुझ्या आईने सांगून सांगून तयार केले आहे. फुलचंदचे नुकसान तरी फुकट जाऊ देऊ नकोस. परवा ढाणकीहून त्याचा निरोप आला. तंबूत कितीही ओरडा झाला तरी तो तेवढा भाग दुसऱ्यांदा लावत नाही. "मशीन गरम झालं" म्हणून सांगतो. मायने त्याच्या कानात काय सांगितले, ते आता मला कळले.

दुसरे कारण तू एका ओळीत लिहिलेस आणि खोडलेस. खोडलेले वाचणे हा माझा धंदा आहे. 'बाबा खरे ठरले असते.' म्हणून तू खाट सुटल्यावरही आला नाहीस. मोडलेल्या पायाने उंबरठा ओलांडला, की त्यांचा शब्द खरा.

अरे, बाबांनी आयुष्यात किती भाकिते केली! कापसाचा भाव, पाऊस, माझी वकिली, तुझ्या वहिनीच्या हाताला कधी चव येणार नाही म्हणून. एकही खरे ठरले नाही. माणूस रागात बोलतो ते भविष्य नसते. आठ ग्रह एका राशीत जमून जे करू शकले नाहीत, ते बाबा अंगणात उभे राहून करणार होते? आणि समज, एक ठरलेच खरे, तर ठरू दे. बिचाऱ्यांच्या खात्यावर एक तरी असू दे. त्यांच्या वाक्यात पाय मोडल्यावर घर आठवेल, असेही आहे. तेवढा भाग तू सोयीने गाळलास.

माझ्या वर्गाच्या परीक्षा आटोपल्या की मी मिरजेला निघतो. तुला परत यायचे आहे की नाही, हे मी विचारायला येत नाही. सामान उचलायला येतो. वर्ध्याला उतरून मोटारीने कळंब. स्टँडपासून घरापर्यंत गाडी सांगावी असे माझे मत होते. मायला विचारले.

ती अंगणात शेंगा सोलत होती. आता दाणे टोपलीत पडतात. तुझे सगळे पत्र मी तिला वाचून दाखवले होते, खोडलेल्या ओळीसकट. ती रडली नाही. तुझा पाय किती आखूड झाला, ते तिने स्वतःची दोन बोटे पुढे करून पाहिले. मग म्हणाली ते जसेच्या तसे लिहितो:

"गाडी नोको. स्टँडावरून त्याले पायीच येऊ दे, हळूहळू. मी मागून येतो. बापाची चाल गेली त गेली. पन घन्याची नवी चाल मी अजून पाह्यलीच नाही. उद्या पाठमोरा दिसला, त ओळखू कशी मी त्याले?"

तुझा,
दादा